दुसऱ्याचं अर्धवट वायरिंग हातात घेताना सही नेमकी कशावर करायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दुमजली घर आहे. आधीच्या इलेक्ट्रिशियनने खालचा मजला पूर्ण केला, त्यावर प्लास्टर आणि रंगही झाला. वरच्या मजल्यावर त्याने पाईप टाकले, काही खोल्यांत वायरी ओढल्या आणि मग तो यायचाच बंद झाला. चाचणीचा कागद नाही, सर्किटचा नकाशा नाही. तुम्ही दोन बोर्ड उघडले तर आत पीळ मारून टेप गुंडाळलेले जॉइंट निघाले, एका सॉकेटच्या अर्थ पिनला वायरच नव्हती, आणि आरसीसीबी (करंट गळू लागला की पुरवठा तोडणारा स्विच) ‘सारखा पडतो’ म्हणून काढून बाजूला ठेवलेला होता. मालक म्हणतात, वरचं काम संपवा आणि सगळ्या घराचं सर्टिफिकेट द्या. तुम्ही विचारताय: काम घ्यावं का, घेतलं तर किती तोडावं लागेल, आणि आधीच्या माणसाला फोन करावा का.

वायरिंग चांगलं की वाईट हा यातला पेच नाही. ते तुम्हाला दोन बोर्डांतच कळलं. पेच असा आहे की प्लास्टरच्या आत जे आहे ते तुम्ही टाकलेलं नाही, टाकताना पाहिलेलं नाही, आणि मालकांना मात्र त्याखाली तुमची सही हवी आहे. काम घ्यायला माझी हरकत नाही. अशी कामं मी बरीच घेतली आहेत आणि अजूनही घेतो. पण जेवढं डोळ्यांनी पाहिलं आणि मीटरने मोजलं, तेवढंच कागदावर लिहितो. आणि तपासणी हे पहिलं, वेगळं, वेगळ्या पैशांचं काम धरतो. ती झाल्याशिवाय पुढच्या कामाचा आकडा तोंडातून काढत नाही.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. धंद्यात नवा असताना मी एका घरात दोन वाढीव खोल्यांचं वायरिंग केलं. जुन्या डीबीत (जिथून घरातली सर्किटं निघतात त्या पेटीत) दोन एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारे स्विच) जोडले, माझं काम नीट तपासलं, झाकणाच्या आतल्या बाजूला माझं स्टिकर लावलं आणि निघालो. सहा महिन्यांनी फोन आला, डीबीतून जळका वास येतोय. जाऊन बघतो तर न्यूट्रल बारवर (परतीच्या वायरी जोडायच्या पट्टीवर) मेन वायरचा स्क्रू ढिला होता, बार काळा पडला होता आणि वायरचं इन्सुलेशन चार बोटं आतपर्यंत वितळलं होतं. तो स्क्रू माझा नव्हता. पण माझ्या दोन खोल्यांचा करंटही त्याच स्क्रूतून परत जात होता, आणि मी तो पेचकस लावून पाहिलासुद्धा नव्हता. मालकांनी फोन कोणाला केला? ज्याचं स्टिकर होतं त्याला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. पहिली म्हणजे तुमच्याकडचा नियम. काही ठिकाणी परवानाधारकाला फक्त स्वतः केलेल्या कामाचं प्रमाणपत्र देता येतं, आणि आधीपासून असलेल्या वायरिंगसाठी ‘सद्यस्थितीचा तपासणी अहवाल’ असा वेगळा कागद असतो. काही ठिकाणी प्लास्टरआधी तपासनिसाने बघणं बंधनकारक असतं. तेव्हा परवाना देणाऱ्या कार्यालयात कामाला हात लावण्याआधी विचारून घ्या, शक्य असेल तर लेखी. भिंती बंद झाल्यावर त्यांचं म्हणणं काय, हे तुम्हालाही आणि मालकांनाही सुरुवातीलाच कळलेलं बरं. दुसरी गोष्ट म्हणजे अर्थिंगची पद्धत, म्हणजे अर्थ पुरवठादाराकडून येतंय की घराच्या स्वतःच्या, जमिनीत ठोकलेल्या रॉडवर आहे. पुढची बरीच गणितं त्यावर ठरतात. तिसरी गोष्ट म्हणजे वायरी पाईपमध्ये आहेत की नुसत्याच प्लास्टरमध्ये गाडल्या आहेत. किती तोडावं लागेल याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

पहिल्या भेटीत मी जवळजवळ काहीच मोजत नाही. पुरवठा बंद करतो, बंद झाल्याची खात्री करतो आणि डीबी उघडून बसतो. खात्री करणं म्हणजे टेस्टर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून बघायचा, मग बंद केलेल्या ठिकाणी, मग पुन्हा चालू ठिकाणी. निऑनचा पेचकस-टेस्टर यासाठी वापरू नका. तो तुमच्या अंगातून जाणाऱ्या करंटवर पेटतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल तर वायर जिवंत असूनही तो मंद राहील, आणि शेजारच्या वायरीमुळे मेलेल्या वायरवरही मिणमिणेल. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर घ्या.

डीबी उघडल्यावर सगळ्यात आधी वायरी मोजा. ऐकायला बालिश वाटेल, पण पाच मिनिटांच्या या मोजणीने मला जेवढं कळतं तेवढं पुढच्या तासाभरात कळत नाही. एमसीबीतून नऊ सर्किटं निघत असतील तर न्यूट्रल बारवर नऊ न्यूट्रल हवेत आणि अर्थ बारवर नऊ अर्थ हवेत. न्यूट्रल सातच असतील, तर कुठेतरी दोन सर्किटांनी दुसऱ्याचे न्यूट्रल उसने घेतले आहेत. अर्थ पाचच असतील, तर चार सर्किटांना एकतर अर्थ नाही किंवा ते भिंतीत कुठेतरी एकमेकांना जोडलेत. तुमच्या त्या सॉकेटला अर्थ नाही म्हणताय ना, डीबीत मोजा. तो एकटा आहे की त्याचं अख्खं कुटुंब तसं आहे, लगेच कळेल.

मग टर्मिनल बघा. एका भोकात तीन-तीन वायरी कोंबल्यात का? जाड वायर भोकात बसेना म्हणून तिच्या तारा कापून बारीक केल्यात का? हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता तिथेच आधी नजर जाते. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरच्या निम्म्या तारा कापल्या तर त्या जागी ती सव्वाची झाली, आणि गरम तिथेच होणार. स्क्रू तांब्यावर न बसता इन्सुलेशनवर बसलाय का? वायरीचा रंग टर्मिनलजवळ बदललाय का? वास येतोय का? हे सगळं फोटोसकट लिहून ठेवा.

आता काढून ठेवलेल्या आरसीसीबीबद्दल. तुमच्या वर्णनात मला सगळ्यात मोलाची माहिती तीच वाटली. तो पडत होता म्हणजे काहीतरी सांगत होता. आधीच्या माणसाने दोष शोधायचा सोडून सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं. अशा नव्या घरात, जिथे अजून धड उपकरणंही लागलेली नाहीत, आरसीसीबी पडण्याची दोन कारणं मला वारंवार सापडतात. एक, न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एकमेकांना टेकलेत: बोर्डात चेपलेली वायर, खिळा, किंवा कोणीतरी मुद्दाम जोडलेली. दुसरं, उसना न्यूट्रल. म्हणजे फेज आरसीसीबीतून गेला आणि न्यूट्रल दुसऱ्याच बारवर परत आला. आरसीसीबी जाणारा आणि येणारा करंट तोलून बघतो. ३० मिलिअँपिअरचा असेल तर तेवढ्या फरकाला त्याने पडायलाच हवं, आणि प्रत्यक्षात तो १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडतो.

उसन्या न्यूट्रलची जागा बहुतेक वेळा जिना असते. तुमचं घर दुमजली आहे, म्हणून तिथेच आधी बघा. जिन्यातल्या दिव्याला खाली-वर दोन स्विच, फेज खालच्या मजल्याच्या सर्किटचा, आणि न्यूट्रल वरच्या बोर्डात हाताशी होता म्हणून तिथला. दिवा छान लागतो. पण पुढे कोणीतरी वरच्या मजल्याचा एमसीबी बंद करून, सगळं मेलंय असं समजून त्या न्यूट्रलचा जॉइंट सोडतो. तेव्हा जिन्यातला दिवा चालू असेल, तर सुटलेलं टोक दिव्यातून आलेल्या फेजने जिवंत होतं, पूर्ण २३० व्होल्टला. न्यूट्रलचा झटका बसलेले इलेक्ट्रिशियन विचारा, निम्म्यांची गोष्ट हीच निघेल.

दुसऱ्या भेटीत मोजमाप. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण भिंत न फोडता भिंतीच्या आत बघायचा हा एकच रस्ता आहे. आणि कुठल्या चाचणीला काय दिसत नाही, हे ती करता येण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

सुरुवात अर्थच्या सलगतेपासून, म्हणजे अर्थची वायर मध्ये कुठे तुटलेली नाही ना ते बघण्यापासून, पुरवठा बंद ठेवून. अर्थ बारला एक लांब वायर लावा, तिचं दुसरं टोक घेऊन घरभर फिरा, आणि प्रत्येक सॉकेटची अर्थ पिन, प्रत्येक धातूची बॉडी ओहममीटरने तपासा. लांब वायरचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी वजा करून घ्या. या फेरीत एक सापळा आहे. काही जण अर्थ ओढायचा कंटाळा करतात आणि सॉकेटच्या मागेच न्यूट्रलवरून छोटा तुकडा अर्थ पिनवर टाकतात. तीन दिव्यांचा प्लग-टेस्टर लावला तर ‘सगळं ठीक’ दाखवतो. लूप इम्पिडन्स मीटरही (फेजपासून अर्थमार्गे परत जाण्याच्या पूर्ण वाटेचा अडथळा मोजणारं) झकास आकडा देतो, कारण करंट न्यूट्रलने परत जातो. पण ज्या दिवशी त्या सर्किटचा न्यूट्रल कुठे ढिला होईल, त्या दिवशी यंत्राची धातूची बॉडी यंत्रातूनच जिवंत होईल. म्हणून सलगता तपासताना डीबीत सगळे न्यूट्रल बारवरून सुटे करा. मग खरा अर्थ नसलेली पिन लगेच उघडी पडते. चालू पुरवठ्यावर ओळखायची एक खूणही सांगून ठेवतो: आरसीसीबी टेस्टर बाकीच्या सॉकेटवर आरसीसीबीला पाडतो आणि एकाच सॉकेटवर पाडत नाही. घरात रॉडचं अर्थिंग असेल तर आणखी सोपं. सगळीकडे लूप १५-२० ओहम येतोय आणि एकाच ठिकाणी अर्धा ओहम आला, तर खूश होऊ नका, तिथला बोर्ड उघडा.

नंतर मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं मीटर. घरगुती वायरिंगला ५०० व्होल्ट डीसी. त्याआधी दिवे, ड्रायव्हर, डिमर, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सगळं सुटं, सर्ज अरेस्टर (व्होल्टेजच्या उसळीपासून वाचवणारा) असेल तर तोही सुटा, आणि स्विच चालू स्थितीत, नाहीतर स्विचच्या पुढची वायर चाचणीतून निसटते. एखादं उपकरण काढायचं राहून गेलं असेल अशी शंका असेल तर फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थशी मोजा, म्हणजे ते जळणार नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान १ मेगओहम हवा. पण हा किमान आकडा आहे, शाबासकीचा नाही. नव्या कोरड्या वायरिंगला शेकड्यांत आकडा यायला हवा. नव्या घरात एखादं सर्किट दीड मेगओहम दाखवत असेल तर ते नियमाने पास आणि माझ्याकडे नापास. मात्र प्लास्टर ओलं असताना आकडे खाली येतात, म्हणून तारीख आणि भिंतींची अवस्था लिहून ठेवा आणि वाळल्यावर पुन्हा मोजा. मी एकदा घाईघाईत एक अख्खं सर्किट बदलायला सांगितलं होतं. वाळल्यावर ते निर्दोष निघालं. मालक चांगले होते, हसण्यावारी नेलं, पण मला आजही आठवलं की कानशिलं गरम होतात.

मेगरला खिळा दिसतो, चेपलेली वायर दिसते, ओल दिसते. त्याला बारीक वायर दिसत नाही आणि ढिला जॉइंट दिसत नाही. त्यासाठी डीबीत त्या सर्किटचा फेज आणि अर्थ एकमेकांना जोडा आणि शेवटच्या सॉकेटवर दोघांमधला रेझिस्टन्स मोजा. तांब्याच्या अडीचच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरमागे ७.४१ मिलिओहम असतो, दीडच्या वायरचा १२.१. वायरची लांबी २० मीटर आणि दोन्ही तारा अडीचच्या असतील तर बेरीज ०.३० ओहम यायला हवी. ०.४८ आली तर आत दीडची वायर आहे, बोर्डात दिसणारं टोक काहीही म्हणो. हो, टोकाला अडीचचा तुकडा जोडून आत दीडची वायर पुरलेलीही पाहिली आहे. ०.९ आली किंवा वायर हलवल्यावर आकडा नाचला, तर आत कुठेतरी तो टेपवाला जॉइंट बसलाय. लांबी अंदाजाने धरावी लागते, त्यामुळे एका आकड्यावर फाशी देऊ नका. पण सारख्या लांबीच्या दोन सर्किटांत दुप्पट फरक आला तर त्याला काहीतरी कारण असतंच.

हे झाल्यावर मग पुरवठा चालू करून लूप इम्पिडन्स आणि आरसीसीबीची वेळ. एमसीबीचा कर्व्ह म्हणजे तत्काळ पडायला त्याला किती पट करंट लागतो त्याचा प्रकार. १६ अँपिअरच्या सी कर्व्ह एमसीबीला तत्काळ पडण्यासाठी दहापट, म्हणजे १६० अँपिअर लागू शकतात. २३० ला १६० ने भागा, १.४४ ओहम. वायर गरम झाली की रेझिस्टन्स वाढतो, म्हणून थंड वायरवर मी साधारण १.१५ च्या आतला आकडा मागतो. तोच एमसीबी बी कर्व्हचा असेल तर ८० अँपिअर पुरतात आणि मर्यादा २.८७ वर जाते. कधीकधी एवढ्या एका बदलाने सर्किट वाचतं, म्हणून सांगितलं. आरसीसीबीने त्याच्या ठरलेल्या करंटवर ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवं. त्याच्यावरचं टेस्ट बटण दाबून फक्त त्याची यंत्रणा अडकलेली नाही एवढंच कळतं. घराला अर्थ आहे की नाही, हे त्या बटणाला माहीतच नसतं.

अर्थ रॉडवर असेल तर आरसीसीबी परत बसवण्याबाबत मालकांशी चर्चाच करू नका. रॉडचा रेझिस्टन्स २० ओहम धरा, जो तसा वाईट नाही. फेज बॉडीला चिकटला तर जमिनीत जाणारा करंट २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी त्यावर कधीच पडणार नाही, आणि बॉडीवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज बसून राहील. ‘अर्थिंग केलंय, आता आरसीसीबी कशाला’ असं म्हणणाऱ्या मालकांना मी हा भागाकार कागदावर करून दाखवतो. त्यानंतर सहसा वाद होत नाही.

इथवर आलात की तुमच्याकडे प्रत्येक सर्किटचे आकडे आहेत, आणि ‘किती तोडायचं’ हा प्रश्न मोठा राहत नाही. एक चाचणी शिल्लक राहते, ती हाताची. वायर दोन्ही टोकांना सुटी करून हलकेच ओढा. पाईपमध्ये सरकत असेल, तर जुनीच्या शेपटीला नवी बांधून वायर बदलता येते, भिंतीला हातही लागत नाही. सरकत नसेल तर एकतर पाईप चेपलाय, किंवा आत जॉइंट बेंडला अडकलाय, किंवा पाईपच नाही. त्या सर्किटला मी दोन पर्याय देतो: झिरी मारून नवा पाईप, किंवा भिंतीवरून उघडी ट्रंकिंग (वायरी आत ठेवायची झाकणाची पट्टी). ट्रंकिंग दिसायला मालकांना नको असतं. पण आधी रंग खरवडण्याचा खर्च सांगितला की ते एवढं वाईट दिसत नाही.

सगळं बदलायचा सल्ला मी क्वचित देतो. एमसीबी हा वायरचा रखवालदार असतो, उपकरणाचा नव्हे, हे डोक्यात पक्कं असलं की बरीच सर्किटं वाचतात. दीडच्या वायरवर ३२ चा एमसीबी लावलेला असेल तर वायर बदलण्याआधी विचारा, त्या सर्किटवर लोड काय आहे? नुसते दिवे-पंखे असतील तर ६ किंवा १० चा एमसीबी लावा, काम झालं. १६ अँपिअरचे सॉकेट असतील तर मात्र सुटका नाही. पीव्हीसी इन्सुलेशनची दीडची वायर पाईपमध्ये एकटी असताना ३० अंश तापमानाला साधारण साडेसतरा अँपिअर वाहते. त्याच पाईपमध्ये तीन सर्किटं असतील तर त्याचे सत्तर टक्के, आणि आजूबाजूचं तापमान ४० अंश असेल तर पुन्हा त्याचे सत्त्याऐंशी टक्के. हातात उरतात साडेदहा अँपिअर. त्यावर गीझर चालवायचा?

टेपच्या जॉइंटबाबत मी कडक आहे. बोर्डाच्या किंवा जंक्शन बॉक्सच्या आत असेल तर कापून नीट कनेक्टर लावतो. पाईपच्या आत असल्याचा संशय असेल तर ती वायर जाते. जॉइंट जिथे उघडून बघता येईल तिथेच असावा, याला माझ्याकडे अपवाद नाही. आणि किती बोर्ड उघडायचे, तर माझ्या हिशेबाने सगळे. चांगल्या कामात मी नमुन्यादाखल चार-पाच बोर्ड बघतो. तुमच्याकडे पहिल्या दोनातच दोष निघालेत, तेव्हा नमुन्याची सोय संपली.

आता वरचा मजला, आणि सहीचा प्रश्न. तुमचं काम आणि त्याचं काम यांच्यामध्ये दिसणारी, हाताला लागणारी सीमा तयार करा. वरच्या मजल्याला वेगळा डीबी द्या, त्याचा स्वतःचा आरसीसीबी, खालून वर येणारी फीडर वायर तुमची, वरचे सगळे न्यूट्रल आणि अर्थ वरच्याच बारवर. त्याने वर ओढून ठेवलेल्या वायरी मी काढून टाकीन. पाईप नीट असतील तर ठेवीन. नव्या वायरींचा खर्च त्या तपासत बसण्याच्या वेळापेक्षा फारसा जास्त पडत नाही. मग वरच्या मजल्याचं प्रमाणपत्र तुम्ही निर्धास्त देऊ शकता, कारण त्यातला प्रत्येक मीटर तुमच्या हातून गेलेला असेल. एवढंच लक्षात असू द्या की मेन स्विच, मेन अर्थ आणि येणारी मुख्य वायर ही दोन्ही मजल्यांची सामाईक आहे. तुमचं काम त्यावर उभं राहणार, म्हणून तेवढं तपासणं आणि गरज असेल तर दुरुस्त करणं तुमच्या कामातच धरा. माझ्या त्या न्यूट्रल बारची गोष्ट विसरू नका.

खालच्या मजल्यासाठी वेगळा कागद: सद्यस्थितीचा तपासणी अहवाल. त्यात काय पाहिलं, काय मोजलं, काय दुरुस्त केलं, आणि काय बघता आलं नाही हे स्पष्ट लिहा: ‘भिंतीतील पाईप व त्यातील वायर प्रत्यक्ष पाहिलेली नाही, निष्कर्ष चाचणीच्या आकड्यांवर आधारित आहेत.’ विशेषणं टाळा. ‘अत्यंत निकृष्ट काम’ लिहिलंत तर उद्या वाद तुमच्या शब्दांवर होईल. ‘मागची खोली, सॉकेट ३, अर्थ सलगता नाही’ यावर कोणी वाद घालू शकत नाही. तपासताना जिवाला थेट धोका असलेलं काही सापडलं, उदाहरणार्थ जिवंत बॉडी किंवा उघडं टोक, तर अहवालाची वाट बघू नका. ते सर्किट तिथेच तोडा, मालकांना दाखवा, फोटो काढा आणि त्याच दिवशी लेखी कळवा.

पैशांचं थोडक्यात. तपासणीचे पैसे आधी आणि वेगळे, पुढचं काम तुम्हाला मिळो न मिळो. दुरुस्तीचा दर सर्किटप्रमाणे, ‘वायर सरकली तर इतके, झिरी मारावी लागली तर इतके’ असा दोन आकड्यांत. सगळं मिळून एकच रक्कम ठरवली की दुसऱ्याच्या भिंतीतली प्रत्येक चूक तुमच्या खिशातून जाते.

मालक तपासणीच नको म्हणाले, किंवा आधीच्या तारखेचा कागद मागितला, किंवा ‘आरसीसीबी राहू द्या, कटकट होते’ म्हणाले, तर नमस्कार करून बाहेर पडा. बाकी परिस्थितीत मालकांवर चिडू नका. त्यांनी एकदा पैसे मोजलेत, आता तेच काम दुसऱ्यांदा विकत घ्यायला सांगणारे तुम्ही आहात. मी त्यांना सॉकेट उघडून रिकामी अर्थ पिन दाखवतो. ती बघितल्यावर बोलणं सोपं जातं.

आणि हो, आधीच्या माणसाला फोन जरूर करा. मालकांना सांगून करा, म्हणजे गैरसमज नको. एकदा मी असाच फोन केला तेव्हा समजलं की मालकांनी वायर स्वतः आणून दिली होती, मध्येच सहा पॉइंट वाढवायला लावले होते आणि वाढीव पैशांवरून दोघांचं वाजलं होतं. त्याने टेपचे जॉइंट मारले ते मारलेच, त्याचं समर्थन नाही. पण वायर कमी का पडली होती ते कळलं, आणि कुठल्या खोल्यांत कमी पडली तेही कळलं. तेवढ्याने माझा एक दिवस वाचला. त्याला दोष द्यायला फोन करू नका. तीनच गोष्टी विचारा: प्लास्टरआधीचे फोटो मोबाईलमध्ये आहेत का, पाईपमध्ये जॉइंट कुठे दिलेत, आणि आरसीसीबी पडायला लागला तेव्हा नुकतंच काय जोडलं होतं. शेवटच्या प्रश्नाला तो उत्तर देईल, बहुतेक देतात. तो जे सर्किट सांगेल, मेगर आधी त्यालाच लावा.